साठच्या दशकातलं बंड गाण्यांत नेमकं कुठे ऐकू येतं?

ऑगस्ट १९६९मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेलजवळ, मॅक्स यासगर यांच्या कुरणावर, चार लाखांहून जास्त तरुण वुडस्टॉक महोत्सवासाठी जमले. त्याच सुमारास अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर झॅगर आणि एव्हन्स यांचं ‘इन द इयर २५२५’ होतं. वर्ष संपल्यावर गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाने १९६९चं सर्वांत लोकप्रिय म्हणून जे गाणं जाहीर केलं, ते होतं ‘शुगर, शुगर’, द आर्चीज या कार्टूनमधल्या काल्पनिक बँडच्या नावावर निघालेलं. त्याआधी १९६६ साली बॅरी सॅडलर या सैनिकाने गायलेलं, लष्कराची थोरवी सांगणारं ‘द बॅलड ऑफ द ग्रीन बेरेज’ पाच आठवडे अग्रस्थानी होतं.

त्या काळचं सगळं लोकप्रिय संगीत बंडखोर होतं, ही समजूत म्हणूनच टिकत नाही. युद्ध, वर्णभेद, ठरीव नोकरी-संसार आणि वडीलधाऱ्यांची नैतिकता नाकारणाऱ्या तरुणांची जी प्रतिसंस्कृती अमेरिका आणि ब्रिटनमध्ये उभी राहिली, ती त्या दशकातल्या संगीताचा एक भाग होती. तो भाग ओळखायचा तर नुसते शब्द वाचून भागत नाही. गाण्याची लांबी, ध्वनिमुद्रणाची पद्धत, वाद्यातून निघणारा आवाज आणि ते गाणं श्रोत्यापर्यंत पोचलं कसं, हे सगळं पाहावं लागतं. किंबहुना सर्वांत मोठं बंड शब्दांपेक्षा आवाजात झालं.

शब्द काय सांगतात आणि काय दडवतात

सुरुवात मात्र शब्दांपासूनच झाली. साठीच्या आरंभी निषेधाचं गाणं म्हणजे लोकगीताच्या घाटाचं गाणं: एक गिटार, एक आवाज आणि जमावाला लगेच उचलता येईल अशी चाल. चाल बहुधा जुनीच असे. बॉब डिलनच्या ‘ब्लोइंग इन द विंड’ची चाल ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या कृष्णवर्णीय गुलामांच्या गीतावरून घेतलेली आहे. ‘वी शॅल ओव्हरकम’चं मूळही चर्चमधल्या भक्तिगीतांत सापडतं. आपल्याकडे शाळाशाळांत म्हटलं जाणारं ‘हम होंगे कामयाब’ हे त्याचंच हिंदी रूप. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात डिलन आणि जोन बाएझ गायले, तेव्हा ही परंपरा नागरी हक्कांच्या चळवळीशी उघडपणे जोडलेली होती.

पुढे व्हिएतनाम युद्ध पेटलं आणि प्रश्न प्रत्येक घराच्या दारात आला. अमेरिकेत १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला सक्तीच्या लष्करी भरतीसाठी नोंदणी करावी लागे, मतदानाचा हक्क मात्र २१व्या वर्षी मिळे. बॅरी मॅग्वायरच्या ‘ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’ने हीच विसंगती उघड मांडली. काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, तरी सप्टेंबर १९६५मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. (मतदानाचं वय १८ झालं ते १९७१ साली, घटनादुरुस्ती करून.) कॉलेजात शिकणाऱ्यांना भरतीतून सवलत मिळत असल्यामुळे युद्धाचा भार गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांवर जास्त पडला. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं १९६९चं ‘फॉर्च्युनेट सन’ हे या वर्गभेदाबद्दलचं गाणं आहे. त्याचा राग सैनिकांवर नाही. बड्या घरातल्या ज्या मुलांच्या वाट्याला रणांगण येतच नाही, त्यांच्यावर आहे.

शब्दांवरून अर्थ लावताना एक चूक नेहमी होते: गिटार आहे, पोलीस आहेत, तणाव आहे, म्हणजे गाणं व्हिएतनामवरचं. बफेलो स्प्रिंगफील्डचं ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’ युद्धाच्या दृश्यांवर इतक्यांदा लावलं गेलं आहे की त्याचं मूळ विसरलं गेलं. नोव्हेंबर १९६६मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप भागात १८ वर्षांखालच्या मुलांना रात्री १०नंतर रस्त्यावर बंदी होती. ‘पँडोराज बॉक्स’ या क्लबबाहेर तिच्याविरुद्ध तरुण जमले आणि पोलिसांशी त्यांची झटापट झाली. स्टीफन स्टिल्सने हे गाणं त्यावर लिहिलं आणि डिसेंबरात ते ध्वनिमुद्रितही झालं. स्थानिक कारणासाठी लिहिलेलं गाणं देशभराचं झालं, कारण त्यात जागेचं नाव नाही, फक्त वातावरण आहे.

उलट टोकाला ‘ओहायो’ आहे. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. नील यंगने गाणं लिहिलं, क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या चौघांनी २१ मे रोजी ते ध्वनिमुद्रित केलं आणि जूनमध्ये ते बाजारात आलं. त्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं नाव थेट घेतलेलं आहे. बातमी शिळी होण्याआधी तिचं गाणं करून विकण्याइतकी ही यंत्रणा तोवर चपळ झाली होती.

तीन मिनिटांची मर्यादा

रेडिओवर वाजणारं गाणं तीन मिनिटांच्या आसपास का असायचं? कारण तांत्रिक आणि व्यापारी दोन्ही होतं. सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जागा मोजकी. गाणं लांबवलं की खाचा दाटीने कापाव्या लागतात, मग आवाजाची पातळी उतरते आणि ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं लावण्याच्या यंत्रावर, ते गाणं इतरांपुढे मलूल वाटतं. शिवाय ‘टॉप ४०’ धाटणीच्या, म्हणजे ठरावीक लोकप्रिय गाणीच फिरवणाऱ्या, एएम रेडिओ केंद्रांना तासाभरात जास्तीत जास्त गाणी आणि जाहिराती बसवायच्या असत.

डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ जून १९६५मध्ये ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा ते सहा मिनिटांहून मोठं होतं. रेडिओसाठी पाठवलेल्या प्रतींवर ते दोन तुकडे करून दोन बाजूंना छापलं गेलं. काही निवेदकांना आणि श्रोत्यांना अख्खं गाणं हवं होतं, आणि ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. २५ जुलैला न्यूपोर्टच्या लोकगीत महोत्सवात डिलन इलेक्ट्रिक गिटार आणि पूर्ण बँड घेऊन उभा राहिला, त्यावर आजही वाद चालतो. माझ्या मते तारांना वीज लावण्याइतकंच महत्त्व या लांबीला आहे. लांबलचक, तुटक प्रतिमांची कविता लोकप्रिय गाण्यात मावू शकते, हे सिद्ध झालं आणि पुढच्यांना वाट मोकळी झाली.

खरी मोकळीक मिळाली ती बारा इंची एलपी या मोठ्या तबकडीमुळे आणि एफएम रेडिओमुळे. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळतात. आणि एफएमच्या बाबतीत तर कायदाच उपयोगी पडला. बऱ्याच मालकांकडे एएम आणि एफएम अशी दोन्ही केंद्रं असत आणि दोन्हींवर ते एकच कार्यक्रम लावत. अमेरिकी प्रसारण नियामकाने नियम केला की एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांत एफएमवर निम्म्याहून जास्त वेळ एएमचीच नक्कल चालणार नाही. रिकामा वेळ भरायला नवं काहीतरी हवं झालं. सॅन फ्रान्सिस्कोत केएमपीएक्स हे एफएम केंद्र तोवर परभाषिक समाजांच्या कार्यक्रमांना वेळ विकून चालत होतं. एप्रिल १९६७मध्ये टॉम डोनाह्यू हा निवेदक तिथे आला आणि त्याने एकेका गाण्याच्या एकेरी तबकड्या बाजूला सारून एलपीतली लांब गाणी सलग लावायला सुरुवात केली. निवेदनाचा सूर शांत, जाहिराती कमी, आवाज स्टीरिओ. पुढच्या वर्षी कर्मचाऱ्यांनी संप केला आणि बरेच जण केएसएएन केंद्रात गेले. दहा मिनिटांचं गाणं लोकांपर्यंत जाऊ लागलं ते या वाटेने.

स्टुडिओतली उलथापालथ

बीटल्सनी पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी दोन ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर आवाजाचे फक्त दोन स्वतंत्र पट्टे असलेल्या, यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. स्टुडिओचं काम काय, तर मंचावर जे वाजतं ते टेपवर उतरवणं. एप्रिल १९६६मध्ये ‘टुमारो नेव्हर नोज’ घडताना हे नातं उलटलं. मंचावर वाजवताच येणार नाही असं गाणं त्यांनी टेपवर तयार केलं.

या गाण्याचे शब्द टिमोथी लिअरी हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या १९६४च्या एका पुस्तकावरून सुचले आहेत. तिबेटी मृत्युग्रंथाचा आधार घेऊन एलएसडी या भ्रम घडवणाऱ्या अमली पदार्थाच्या अनुभवाला वाट दाखवू पाहणारं ते पुस्तक. पण ‘मन बंद करून प्रवाहात वाहू द्या’ एवढं सांगून श्रोता वाहत नाही. ते काम आवाजाने केलं आहे, आणि ते कसं केलं हे पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे.

आधी स्वरांची चौकट काढून टाकली. पाश्चात्त्य गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बदलत राहतात, कान पुढच्या कॉर्डची वाट पाहतो आणि त्यातून काळ पुढे सरकल्याचं जाणवतं. इथे जवळजवळ सगळं गाणं एका ‘सी’ कॉर्डवर उभं आहे आणि खाली तंबोरा लावलेला आहे. रिंगो स्टार ड्रमवर एकच ठेका शेवटपर्यंत धरून ठेवतो. ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिकने ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन नेहमीपेक्षा बराच जवळ आणला. म्हणून तो ठोका घुमत नाही, छातीवर आदळतो.

मग टेप लूप. टेपचा तुकडा कापून त्याची टोकं जोडली की वर्तुळ होतं आणि त्यावरचा आवाज पुन्हापुन्हा वाजत राहतो. कापताना ब्लेड तिरकं धरायचं, कारण सरळ कापलं तर सांध्यापाशी दर फेरीला ‘टक्’ ऐकू येतं. स्टुडिओतली टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल, तर सहा सेकंदांच्या लूपला ९० इंच, म्हणजे साडेसात फूट टेप लागते. एवढं वर्तुळ यंत्रावर मावत नाही. ते बाहेर काढून पेन्सिलीवर ताणून धरावं लागतं. ताण सैल झाला की वेग डगमगतो आणि स्वर लडखडतो. ७ एप्रिलला ईएमआय स्टुडिओत असे पाच लूप वेगवेगळ्या यंत्रांवर फिरत होते आणि कुठला कधी वर आणायचा ते मिश्रणाच्या टेबलावर तिथल्या तिथे ठरत होतं. समुद्रपक्ष्यांसारखा वाटणारा आवाज पॉल मॅकार्टनीच्या हसण्याचा आहे, वेग वाढवलेला. हे मिश्रण हुबेहूब पुन्हा करणं अशक्य, कारण दर वेळी लूप वेगळ्या जागी असणार.

शेवटी गायकाचा आवाज. जॉन लेननला आपला स्वर डोंगरमाथ्यावरून दलाई लामा बोलत असल्यासारखा हवा होता. गाण्याच्या उत्तरार्धात त्याचा आवाज लेस्ली स्पीकरमधून काढलेला आहे. हॅमंड ऑर्गनसाठीच्या या पेटीत ध्वनी फिरत्या भागातून बाहेर पडतो, त्यामुळे स्वर जवळ-दूर डोलतो. पूर्वार्धात स्टुडिओतल्या केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने त्याच सुमारास शोधलेली युक्ती आहे. गायलेल्या ओळीची प्रत दुसऱ्या टेप यंत्रातून किंचित उशिराने आणि वेग जरासा बदलत मूळ ओळीत मिसळायची. एकच माणूस दोनदा गायल्याचा भास होतो.

पुढच्या वर्षीचा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या यंत्रावर झाला. चारांत चाळीस वादकांचा वृंद कसा बसवायचा? चारही ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण दुसऱ्या यंत्रावर एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि उरलेले मोकळे ट्रॅक पुन्हा भरायचे. यात दोन धोके. दर उतरवणीला टेपची खरखर वाढते आणि एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही. ड्रम दबले, तर दबलेच राहिले. ‘अ डे इन द लाइफ’मधला वृंद २४ बारमध्ये (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत आपापल्या गतीने चढत जातो. बीबीसीने हे गाणं अमली पदार्थांच्या संशयावरून वाजवायचं नाकारलं.

सॅन फ्रान्सिस्को

एलएसडी कॅलिफोर्नियात ६ ऑक्टोबर १९६६पर्यंत कायदेशीर होतं, हे लक्षात घेतलं नाही तर हेट-ॲशबरी या सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिप्पी वस्तीतलं संगीत समजत नाही. कादंबरीकार केन केसीच्या मंडळींच्या ‘ॲसिड टेस्ट’ या एलएसडी घेऊन रंगणाऱ्या मेळाव्यांत ग्रेटफुल डेड हा बँड वाजवत असे. गाणं कुठे संपवायचं हे आधी ठरलेलं नसे, कारण ऐकणारे बसलेले नसत, नाचत आणि भटकत असत. फिलमोर आणि ॲव्हलॉन या सभागृहांत हीच रीत रुळली. म्हणून या बँडची स्टुडिओतली तबकडी ऐकून अनेकांची निराशा होते. त्यांचं खरं काम मंचावरच्या ध्वनिमुद्रणांत आहे.

जेफरसन एअरप्लेन या बँडचं ‘व्हाइट रॅबिट’ मात्र अडीच मिनिटांत सगळं करून दाखवतं. बँडची गायिका ग्रेस स्लिकने त्याची बांधणी फ्रेंच संगीतकार रॅव्हेलच्या ‘बोलेरो’ या वृंदरचनेवरून घेतली आहे. लष्करी चालीचा बारीक ड्रम, खालचा बास, आणि मग ध्रुवपद नाही, परत फिरणं नाही, फक्त चढ. शब्दांत लहान मुलांच्या ‘ॲलिस’च्या गोष्टीतल्या गोळ्या, अळंबी आणि ससा आहे. त्यामुळे आक्षेप घ्यायचा तर नेमक्या कुठल्या शब्दाला, हा प्रश्न रेडिओवाल्यांना पडला आणि १९६७च्या उन्हाळ्यात ते पहिल्या दहांत गेलं. त्याच उन्हाळ्यात स्कॉट मॅकेन्झीचं ‘सॅन फ्रान्सिस्को’ हे केसांत फुलं माळून या असं सांगणारं गाणं जगभर वाजलं. ते लॉस एंजेलिसच्या जॉन फिलिप्सने लिहिलेलं, आणि त्याच्या ओढीने आलेल्या पोरांच्या लोंढ्याने वस्तीची दैना झाली. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी रहिवाशांनी रस्त्यावरून ‘हिप्पी’ची प्रतीकात्मक अंत्ययात्राच काढली. दरम्यान कंपन्यांनी बाजार हेरला होता. कोलंबिया रेकॉर्ड्सने १९६८ साली जाहिरात केली की सत्ताधाऱ्यांना आमचं संगीत पकडता येणार नाही. प्रतिसंस्कृतीची भाषा विक्रीची भाषा व्हायला दोन वर्षंही लागली नाहीत.

सतार आणि मुंबई

बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये डिसेंबर १९६५ला सतार आली आणि वर्षभरात ती फॅशन झाली. बहुतेक रॉक बँडांनी तिला वेगळ्या आवाजाची गिटार म्हणून वापरलं. आलाप नाही, तालाचं आवर्तन नाही, नुसता एक रंग. जॉर्ज हॅरिसनचं वेगळेपण हे की तो १९६६च्या सप्टेंबरात पं. रविशंकर यांच्याकडे शिकायला मुंबईत आला. गर्दीमुळे गुरु-शिष्यांना पुढे काश्मीरला जावं लागलं. परिणाम ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये ऐकू येतो. मधल्या वाद्यभागात झपतालाच्या दहा मात्रा आहेत, आणि साथीला लंडनमध्ये राहणारे भारतीय वादक. त्यांची नावं अल्बमच्या वेष्टनावर छापली गेली नाहीत, ही गोष्ट खटकते. जानेवारी १९६८मध्ये हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. त्यातून निघालेल्या अल्बमवर मात्र आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, बासरीवादक एस. आर. केंकरे अशी नावं सन्मानाने आहेत. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीतही याच मुंबईच्या मुक्कामातलं.

पंडितजींना ही लोकप्रियता सुखाची नव्हती. जून १९६७च्या मॉन्टेरे महोत्सवात त्यांनी आणि उस्ताद अल्लारखाँ यांनी दुपारची अख्खी सभा रंगवली, पण त्याच मंचावर जिमी हेंड्रिक्सने गिटार जाळली तेव्हा ते व्यथित झाले. वाद्य पूजनीय मानणाऱ्या परंपरेला ते पटणं शक्यच नव्हतं. राग ऐकण्यासाठी नशेची गरज नाही, हे ते श्रोत्यांना वारंवार सांगत राहिले.

एका गिटारीतलं युद्ध

हेंड्रिक्स स्वतः १०१व्या एअरबोर्न या छत्रीधारी सैन्याच्या तुकडीत सैनिक होता. १८ ऑगस्ट १९६९च्या सोमवारी सकाळी, बहुतेक गर्दी पांगल्यावर, त्याने वुडस्टॉकला अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. त्यात एकही शब्द नाही, तरी ते समजतं. याचं मर्म फीडबॅकमध्ये आहे. तार थरथरते, पिकअप ती थरथर विजेत बदलतो, ॲम्प्लिफायर ती वाढवतो, स्पीकर हवा हलवतो आणि हलणारी हवा तीच तार पुन्हा हलवते. चक्र पुरं झालं की न छेडताही स्वर चालू राहतो. त्यासाठी आवाज प्रचंड हवा आणि गिटार स्पीकरच्या समोर हवी. अंग थोडं वळवलं की वेगळा उपस्वर उमटतो. फार जवळ गेलं तर नुसती कर्कश शिट्टी मिळते. बहुतेकांना तो दोष वाटे. हेंड्रिक्सने त्याचं व्याकरण बनवलं. राष्ट्रगीतात ‘रॉकेट’ आणि ‘बॉम्ब’ हे शब्द जिथे येतात, तिथेच तो कंपदांडा (तारांचा ताण सैल करणारी दांडी) दाबून स्वर खाली कोसळवतो आणि आवाज फाटका करणाऱ्या फझ पेडलने त्याच्या चिंध्या करतो. मधेच शहीद सैनिकांसाठी बिगुलावर वाजणारी ‘टॅप्स’ ही धून ऐकू येते. पुढे टीव्हीवर विचारल्यावर तो म्हणाला, मला तर ते सुंदर वाटलं. निषेध आणि देशप्रेम या गाण्यात वेगळे काढता येत नाहीत.

जो अध्याय नेहमी आखडता घेतला जातो

हिप्पी, फुलं आणि गिटार यांच्या गर्दीत कृष्णवर्णीयांचं सोल संगीत मागे ढकललं जातं, आणि तो इतिहास अपुरा ठरतो. सॅम कुकचं ‘अ चेंज इज गॉन कम’ १९६४च्या जानेवारीत ध्वनिमुद्रित झालं. डिसेंबरात त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या एकेरी तबकडीत, शहरात फिरायला मज्जाव करणाऱ्यांचा उल्लेख असलेलं कडवं कापलं गेलं. अरेथा फ्रँकलिनने १९६७ साली ओटिस रेडिंगचं ‘रिस्पेक्ट’ उचललं. मूळ गाण्यात नवरा घरी मान मागतो. तिने बोलणारा बदलला, शब्दाचं एकेक अक्षर सुटं उच्चारण्याचा भाग आणि बहिणींचा कोरस जोडला, आणि तो मान स्त्रीचा व कृष्णवर्णीयांचा झाला. प्रतिसंस्कृतीचे बहुतेक मंच पुरुषांच्या ताब्यात असताना हे घडलं, म्हणून त्याचं मोल जास्त. १९६८च्या ऑगस्टमध्ये जेम्स ब्राउनने काळं असल्याचा अभिमान मोठ्याने सांगा असं गाताना उत्तरादाखल लहान मुलांचा कोरस वापरला.

ऐकताना

१९६७पर्यंतचे बीटल्स ऐकायचे असतील तर शक्यतो मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने येणारं, मिश्रण घ्या. मोनोसाठी बँड स्वतः लक्ष घालत असे, स्टीरिओ नंतर घाईत होई. त्या काळच्या स्टीरिओत कधीकधी सगळे गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. एकाच कानात इअरफोन घातला तर अर्धं गाणं हरवतं. ‘अ चेंज इज गॉन कम’चं कडवं कापलेलं नाही ना, हे ऐकण्याआधी तपासा, कारण काही संग्रहांत छोटं रूप असतं. आणि हेंड्रिक्सचं राष्ट्रगीत शोधताना दोन रूपं सापडतील. स्टुडिओतलं रूप अनेक गिटारींचे थर चढवून केलेलं, गुळगुळीत आहे. वर सांगितलेलं सगळं ऐकू येतं ते वुडस्टॉकच्या ध्वनिमुद्रणात.